सर्वांना हितकर

दुसऱ्याचे भले व्हावे असे मनापासून वाटणे आणि दुसऱ्याचे भले कशात आहे हे जाणणे, या दोन गोष्टी माणूस बहुधा एकच समजतो. पहिलीसाठी अंतःकरण निर्मळ असले की पुरते. दुसरीसाठी समोरच्याला विचारावे लागते, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. जो प्रेमाने देतो त्याला हे थांबणे जड जाते. आणि जो प्रेमाने घेतो त्याला ‘मला हे चालत नाही’ एवढे चार शब्द उच्चारणे त्याहून जड जाते. अशाच दोन सज्जनांच्या मध्ये एके दिवशी फळाच्या रसाचा एक पेला आला. त्या दिवसाची ही हकीकत.

बाई पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि सारा रस्ता त्यांना अजून बाईच म्हणत असे. तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांचे दुकान होते. आत दगडी ओटा, त्यावर मिक्सर, मागच्या भिंतीशी फ्रिज आणि धुऊन पालथे घातलेले काचेचे पेले. दाराशी शाळेने मोडीत काढलेला एक हिरवा फळा. ‘स्मूदी’ हा शब्द त्यांनी गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी पत्करला होता. मनातून त्या त्याला ‘घोटलेलं फळ’ म्हणत, कारण त्याचा आरंभ दुकानात झालाच नव्हता. त्यांचे यजमान अर्धांगवायूने चार वर्षे अंथरुणाला खिळले होते. त्यांना चावता येत नसे. तेव्हा बाई पपई घोटत, पेरू घोटून बिया गाळून घेत, आंब्याचा गर दह्यात फेटत आणि चमच्या-चमच्याने भरवत. यजमान गेले, मिक्सर राहिला, आणि सकाळी उठून कुणासाठी तरी फळ चिरण्याची हातांची सवयही राहिली.

दुकानाचा नियम एकच होता. जे फळ आज झाडाला नाही, ते आज पेल्यात नाही. रोज सकाळी बाई हातात खडू घेऊन त्या दिवसाच्या फळाचे गुण फळ्यावर मांडत. पेरूत संत्र्याहून अधिक क जीवनसत्त्व. पपई डोळ्यांना आणि पोटाला चांगली. केळ्यातील पोटॅशियम रक्तदाब आटोक्यात ठेवणारे. खाली बारीक अक्षरात सूचना असे: ‘मधुमेह असल्यास बेताने.’ ‘पोट नाजूक असल्यास उपाशीपोटी नको.’ गुण लिहिताना दोषही लिहायचा, ही त्यांची शिस्त. गिऱ्हाईक आधी फळा वाची आणि मग पेला मागे.

समोरच घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. घड्याळजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. विधुर, मूलबाळ नाही. दुकानावरच्या खोलीत एकटे राहत आणि रोज नऊच्या ठोक्याला रस्ता ओलांडून वहिनींकडे पेला घेत. थोरला भाऊ गेल्यापासून त्या घरातली आता ही दोनच माणसे उरली होती, आणि ती एकमेकांना सकाळी नऊ वाजता पाहून घेत.

पण गेले काही महिने भाऊजींनी नखरे आरंभले होते.

“केळं घातलंय. घ्या.”

“केळं नको, वहिनी. हल्ली जड पडतं.”

“हल्ली म्हणजे? मागल्या महिन्यात उभ्याउभ्या तीन खाल्लीत.”

“मागल्या महिन्यात पोट तरुण होतं.”

नारळपाण्याने त्यांना सर्दी होई. संत्र्याने घसा धरे. आंब्याने तर दातच शिवशिवत.

“आंब्यानं दात शिवशिवलेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय!” बाई चमचा ओट्यावर आपटून म्हणत.

शेजारच्या शिंपीणकाकू दोऱ्याचे रीळ हातात घेऊनच तिथे येऊन बसत आणि तोंडाने आणखी टाके घालत. “बाई, तुमच्या दिरांना फळ नकोय, लाड हवेत. बायको नाही, मग वहिनीशीच रुसायचं.”

“काकू, तुम्ही माझ्या सदऱ्याची बाही एक बोट लांब केलीत, तेव्हा मी रुसलो होतो का?”

“तुमचे हातच आखूड झाले, त्याला मी काय करू!”

सगळे हसत. बाईही हसत, पण आत कुठेतरी त्यांना ते लागे. भाऊजी वाळले होते. त्यांच्या तोंडावर एक फिकी सूज असे. बूट सोडून त्यांनी सैल चपला घालायला सुरुवात केली होती. बाईंनी हे सारे पाहिले आणि वय झाले म्हणून सोडून दिले. मनात मात्र एक पण केला. या माणसाला रुचेल असे एखादे फळ शोधून काढीनच.

ते फळ शिंपीणकाकूंच्या परसात निघाले.

“घ्या बाई, टोपलीभर आणलीत,” एका सकाळी काकू दारातूनच म्हणाल्या. “झाड असं लगडलंय की पाखरंसुद्धा कंटाळली.”

टोपलीत कमरखे होती. पिवळीधमक, मेणासारख्या सालीची, पाच धारांची. बाईंनी एक आडवे कापले आणि सुरीखाली पाच टोकांची चांदणी पडली. चव आंबटगोड, पाणीदार, स्वच्छ. साखर कमी, तंतू पुष्कळ, क जीवनसत्त्व भरपूर. मधुमेह्यालाही बेताने चालेल, मुलांना आवडेल, वजनाच्या चिंतेत असणाऱ्यांना तर हवेच. फळ्यावर गुण लिहून झाल्यावर बाई दोषाच्या ओळीपाशी आल्या आणि त्यांना लिहायला काही सुचेना. फळांच्या गुणदोषांचे पुस्तक कपाटात होते. उघडून पाहायला दोन मिनिटे लागली असती. पण नऊ वाजत आले होते. त्यांनी आनंदाच्या भरात लिहिले, ‘सर्वांना हितकर’, आणि ‘सर्वांना’ या शब्दाखाली एक रेघ ओढली.

भाऊजी आले. त्यांनी फळा वाचला. पेला हातात घेऊन ते क्षणभर थांबले, जणू मनात कसलीशी यादी वाचत होते. मग त्यांचा चेहरा उजळला.

“हे चालेल, वहिनी!”

“चालेल म्हणे. उपकारच झाले.”

त्यांनी पेला एका दमात संपवला. “झकास. आणखी आहे?”

किती महिन्यांनी त्यांनी ‘आणखी’ म्हटले होते! बाईंनी चार कमरखे नव्याने चिरली, पाण्याचा थेंब न घालता घोटली आणि दुसरा पेला काठोकाठ भरला. शिंपीणकाकू म्हणाल्या, “सुटले बाई एकदाचे नखरे!” रस्ता ओलांडून परत जाणाऱ्या दिराच्या पाठीकडे बाई बराच वेळ कौतुकाने पाहत राहिल्या.

दुपारी बाराच्या सुमारास भाऊजी पुन्हा दारात उभे राहिले.

“वहिनी, जरा... उक्... पाणी द्या. अर्धा तास झाला, ही उचकी... उक्... थांबत नाही. भिंगात स्क्रू धरतो आणि... उक्... उडून जातो.”

“कोण एवढी आठवण काढतंय तुमची?” काकूंनी विचारलेच.

“खालचं कोणी उरलं नाही, काकू. वरच्यांपैकीच... उक्... कोणी असेल.”

बाईंना हसू आले. त्यांनी पाणी दिले, चिमूटभर साखर दिली. उचकी ढिम्म हलेना. आंबटाने उचकी बसते असे त्यांनी ऐकले होते. फ्रिजमध्ये सकाळचा थोडा रस उरला होता. त्यांनी अर्धा पेला ओतला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या ओठांशी धरला.

“प्या. सगळा.”

ते मुकाट्याने प्यायले.

दोन वाजता बाई डबा घेऊन समोर गेल्या. घड्याळांच्या दुकानात नेहमीप्रमाणे चाळीसएक टिकटिकी चालू होत्या. भाऊजी मेजाशी बसले होते, डोळ्याला भिंग लावून. पण मेजावर घड्याळ नव्हते. समोर चहाची बशी होती आणि तिच्यात कुणाच्या तरी मनगटी घड्याळाचे सारे सुटे भाग पडले होते, चहात बुडालेले. एक उचकी त्यांना मुळापासून हलवून गेली.

“भाऊजी?”

त्यांनी मान वर केली. भिंगाआडचा डोळा भलामोठा दिसत होता, आणि त्या डोळ्यात बाईंची ओळख नव्हती.

“दादा जेवला का?” त्यांनी विचारले.

दादाला जाऊन सहा वर्षे झाली होती.

बाईंच्या हातातला डबा खाली आला तो कसा, हे त्यांना पुढे कधी आठवले नाही. भाऊजींचा उजवा हात थडथड उडू लागला होता. बाईंनी रस्त्यात येऊन अशी हाक मारली की काकू मशीन चालू ठेवूनच धावत आल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलण्याने नेमक्या होत्या. आश्चर्य असे की त्या भाऊजींना नावानिशी ओळखत होत्या.

“आज काय खाल्लं यांनी?”

बाई विज्ञानाच्या शिक्षिका. त्यांनी क्रमाने सांगितले. सकाळी पोळी. नऊ वाजता स्मूदी. “ताजी होती. कमरखांची. साखर, बर्फ काही नाही.”

डॉक्टरीणबाईंचे पेन थांबले.

“कमरख? पाच धारांचं?”

“हो. फार पौष्टिक...”

“किती?”

“दोन पेले.” मग बाईंना ओठांशी धरलेला तो अर्धा पेला दिसला. ते सांगण्याचे कुणी त्यांना बंधन घातले नव्हते. ते फक्त त्यांना आणि शुद्ध हरपलेल्या त्या माणसालाच ठाऊक होते. “अडीच,” त्या म्हणाल्या. “उचकी लागल्यावर मीच आणखी अर्धा पाजला.”

“उचकी ही पहिली खूण असते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वळून परिचारिकेला भराभर काही सांगू लागल्या. त्यात ‘डायलिसिस’ आणि ‘आत्ता लगेच’ एवढेच बाईंना कळले.

“पण का? फळच तर होतं!”

“आजी, निरोगी माणसाला काही होत नाही. त्या फळात एक विष असतं, ते मूत्रपिंडं गाळून टाकतात. यांची मूत्रपिंडं ते काम करत नाहीत. मग ते मेंदूत चढतं.”

“यांची... मूत्रपिंडं?”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. “आठ महिने यांचे उपचार चालू आहेत. तुम्हाला माहीत नव्हतं?”

बाई बाकावर बसल्या.  आठ महिने. केळे जड पडते. नारळपाण्याने सर्दी होते. आंब्याने दात शिवशिवतात. त्या सबबींची एकेक कडी त्यांच्या डोळ्यांसमोर जुळत गेली. केळ्यातील पोटॅशियम! फळ्यावर तो गुण त्या दर आठवड्याला ठळक लिहीत. ज्याची मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत, त्याच्या हृदयाला तेच थांबवू शकते, हे त्यांनी स्वतः कधीतरी वाचलेही होते. कुणाला विचारले मात्र नव्हते.

“यांच्या चालू गोळ्या कुठल्या, ते आणून दाखवा,” परिचारिका म्हणाली. “लवकर.”

बाई भाऊजींच्या खोलीत गेल्या. भिंतीतल्या कपाटाचे दार उघडले, आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

दाराच्या आतल्या बाजूला दवाखान्याचा एक छापील कागद चार कोपऱ्यांना घड्याळाच्या पट्ट्यांच्या बारीक पिना मारून लावलेला होता. मथळा होता, ‘टाळावयाचे पदार्थ’. केळे, नारळपाणी, संत्रे, आंबा, बटाटा. आणि प्रत्येक नावापुढे भाऊजींनी टोकदार पेन्सिलीने मुंगीएवढ्या अक्षरात लिहिले होते.

‘केळे: जड पडते म्हणावे.’

‘नारळपाणी: सर्दी.’

‘संत्रे: घसा.’

‘आंबा: दात? (वहिनींना पटणार नाही. दुसरे काही सुचेपर्यंत.)’

बाईंच्या तोंडून हसू फुटले आणि ते हसू अर्ध्यावरच हुंदका झाले. हा माणूस रोज सकाळी इथे उभा राहून धडा पाठ करीत होता.

पण कमरखाचे नाव त्या कागदावर कुठेच नव्हते. बाईंनी दोनदा वाचले. मग नखाने एकेक पिन उपटली आणि कागद उलटला.

मागेही छापलेले होते. आणि मागच्या बाजूला सर्वात वर, चौकटीत, ठसठशीत अक्षरांत होते: ‘कमरख अजिबात खाऊ नये. एक फळही जिवावर बेतू शकते.’

कोणतेही घड्याळ हाती आले की भाऊजी तबकडी पाहत नसत. आधी पालथे करून पाठ उघडत. उभा जन्म त्यांचा त्यात गेला होता. आणि त्याच माणसाने हा एक कागद मिळाल्या दिवशीच दाराला पिना मारून लावून टाकला होता. कारण तो रोज डोळ्यांसमोर हवा होता आणि वहिनींच्या डोळ्यांसमोर यायला नको होता. सकाळी पेला हातात घेऊन ते जी यादी मनात वाचत होते, ती ही एकाच बाजूची यादी.

औषधांची पिशवी आणि तो कागद घेऊन बाई परत निघाल्या. वाटेत त्यांच्याच दुकानाच्या दाराशी हिरवा फळा उभा होता. ‘सर्वांना हितकर’. सुंदर अक्षर, खाली सरळ रेघ. वर्गातल्या एखाद्या मुलाने असे उत्तर लिहिले असते तर त्यांनी विचारले असते, सर्वांना कशावरून? बाईंनी पदर उचलला आणि एकच शब्द पुसला. बाकीचे पुसायला वेळ नव्हता.

डायलिसिसचे यंत्र सहा तास चालले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले. दारापुढच्या बाकावर बाई बसून होत्या आणि शेजारी शिंपीणकाकू.  एकदा काकू म्हणाल्या, “बाई, मी ते झाड तोडून टाकते.”

“नाही हं,” बाई म्हणाल्या. “त्यानं कुणापासून काही लपवलं नाही आणि कुणाला पाजलंही नाही.”

तिसऱ्या दिवशी सकाळी उचकी थांबली. भाऊजींनी डोळे उघडले, छताकडे पाहिले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि पुटपुटले, “चार मिनिटं मागे आहे.” परिचारिका हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी उशाशी येऊन तो कागद उलगडला आणि मागची बाजू त्यांच्यासमोर धरली.

भाऊजींनी वाचले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते भय नव्हते; चोरी पकडली गेलेल्या पोराची शरम होती.

“मागे पण होतं होय,” ते म्हणाले.

“हो, मागे पण होतं.”

“वहिनी, दादाच्या वेळी चार वर्षं तुम्ही त्या खोलीतून हलला नाहीत. आता कुठे दुकान काढलंत, चार माणसांत हसायला लागलात. म्हटलं, पुन्हा एका आजाऱ्याच्या उशाशी तुम्हाला बांधून...”

“म्हणून माझ्याच हातून मरायला निघालात?” बाईंचा आवाज इतका चढला की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. “उद्या काही झालं असतं तर उरलेला जन्म मी हे हात कुठे ठेवले असते, भाऊजी? याचा विचार आला होता का त्या यादीत? कोणत्या फळापुढे लिहिला होतात?”

भाऊजींनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आले.

“चुकलो.”

 बाई स्टूल ओढून बसल्या.

“मीही,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमच्या चपला दिसत होत्या मला. आठ महिने. एकदा तरी नीट विचारायला हवं होतं. मी नुसतं पेलेच भरत राहिले.”

तीन आठवड्यांनी दुकान पुन्हा उघडले. हिरव्या फळ्यावर आता मधोमध एक उभी रेघ होती. डावीकडे ‘कोणाला चांगले’, उजवीकडे ‘कोणी घेऊ नये’, आणि उजवी बाजू भरल्याखेरीज बाई डावीकडे खडू टेकवत नसत. गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न असे, “कुठली गोळी चालू आहे? कसला आजार?”

“बाई, मी स्मूदी प्यायला आलेय की भरती व्हायला?” शिंपीणकाकूंनी विचारले.

“आधी उत्तर द्या, मग पेला.”

“रक्तदाबाची एक गोळी आहे,” काकू जरा खाली मान घालून म्हणाल्या. “तुम्हाला सांगितली नव्हती.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि गोळीचे नाव वहीत टिपून घेतले.

नऊ वाजता भाऊजी रस्ता ओलांडून आले, हळूहळू, सैल चपलांत. डॉक्टरीणबाईंनी मोजून परवानगी दिली होती: अननसाच्या दोन फोडी, पाणी घालून, पाव पेला, आठवड्यातून तीनदा. बाईंनी औषधाच्या मापाने तो मोजला.

“एवढासाच?” भाऊजी म्हणाले. “हे तर मनगटी घड्याळाचं तेल झालं.”

“कागद बघू.”

त्यांनी खिशातून कागद काढून दिला. तो आता कुठेही पिना मारून लावलेला नव्हता. बाईंनी एक बाजू वाचली, उलटून दुसरी वाचली, घडी घालून परत केला आणि मगच पेला पुढे सरकवला. भाऊजी घोट-घोट करून, वेळ लावून प्यायले. समोरच्या दुकानात चाळीस घड्याळे आपापल्या गतीने चालली होती.

ज्याने जिव्हाळ्याने लपवले त्याला आता सांगण्याचे धैर्य लाभो. जिने जिव्हाळ्याने न विचारता दिले तिच्या हातांवर तिचा पुन्हा विश्वास बसो. परसातले ते झाड ऋतूला फळत राहो, आणि ज्यांना त्याचे फळ चालते त्यांनाच ते मिळो. आणि रोज नऊच्या ठोक्याला तो रस्ता ओलांडणाऱ्याची पावले, हळू का होईना, पुष्कळ वर्षे वाजत राहोत.